काटा रिकामा असताना

संगमनेरच्या एका दूध संघात पूर्वी दूध मोजायच्या काट्यांचा नवा प्रोग्रॅम फ्लॉपीत भरून दुधाच्या टेम्पोने गावोगावी जायचा. कुठे पोचायचा, कुठे ड्रायव्हरच्या खिशातच राहायचा. त्यामुळे प्रत्येक केंद्रावरच्या काट्याचं वागणं निराळं. शेवटी सत्त्याण्णव साली संघाच्या कॉम्प्युटर खात्यातल्या सोपानने एक सर्व्हर उभा केला. ऑफिसात सगळे त्याला कोठार म्हणू लागले. माणसांनी लिहिलेल्या मूळ कोडपासून तयार झालेला प्रोग्रॅम आपोआप कोठारात पडायचा आणि सकाळी केंद्रांवरचे कॉम्प्युटर फोनच्या लाईनवरून तो उचलायचे. ज्याचं मूळ कोड नाही ते कोठारात जायचं नाही, हा नियम सोपाननेच घातला होता.

कोठाराची कल्पना त्याच्या बायकोची, प्रज्ञाची. तीही त्याच खात्यात होती. कोठार सुरू व्हायच्या आधीच ती गेली. दवाखान्यात तिला काट्यावर उभं करायचे, तेव्हा सोपान आकड्याकडे बघत राहायचा. अर्धा किलो जरी वाढलं तरी औषध पुढे चालू ठेवू, असं डॉक्टर म्हणाले होते. वजन अडतीसवर आलं आणि तिथेच राहिलं.

कोठार सुरू झालं त्या आठवड्यात तो एका केंद्रावर तपासणीला गेला. दूध घालायला आलेली बायडाबाई कॅन काट्यावर ठेवून निवांत पडद्याकडे बघत होती.

"भाऊ, ताईनं सबूद पाळला बगा. आदी आकडा लगीच पळायचा, मला म्हातारीला दिसायचाच न्हाई. प्रज्ञाताई म्हनली हुती, कॅन उचलंपर्यंत थांबवते त्याला. आता थांबतुया."

"कधीपासून?"

"ह्याच सोमवारपास्नं. तुमीच केलं न्हवं?"

सोपानने काहीच केलं नव्हतं. ते काम प्रज्ञाकडून राहून गेलं होतं आणि नंतर कुणी हातात घेतलं नव्हतं.

ऑफिसात येऊन त्याने कोठार बघितलं. प्रोग्रॅम होता. त्याचं मूळ कोड कुठेच नव्हतं. असलेल्या कोडपासून त्याने पुन्हा प्रोग्रॅम तयार केला, तर त्यात आकडा पळतच होता. त्याने कोठारातला पुसला. दुसऱ्या दिवशी तो परत तिथेच.

"सोपानराव, नियम तुमचाच ना?" खातेप्रमुख दत्तोपंत म्हणाले. "मग आख्खी डिस्क कोरी करा. भूत जरी असलं तरी त्याने आधी रीतसर अर्ज करावा."

बोलून गेल्यावर त्यांना प्रज्ञा आठवली असावी. ते खिडकीकडे बघू लागले. "आजच करा," एवढंच हळू म्हणाले आणि जेवायला गेले.

दुपारची वेळ. खोलीत दूध पावडरीचा वास. कोपऱ्यात चाचणीचा काटा होता. पुसण्याआधी एकदा बघावं म्हणून सोपानने कोठारातला प्रोग्रॅम त्यावर चालवला.

काटा रिकामा होता.

पडद्यावर अडतीस आलं.

त्याने वायर हलवून पाहिली. पत्र्यावरून हात फिरवला. पत्रा गार होता. आकडा हलला नाही.

तो सर्व्हरपाशी आला. पुसण्याची आज्ञा टाईप केली. आता फक्त एक बटण दाबायचं होतं.

"पुसू?" त्याने विचारलं.

काट्यावर काहीच नव्हतं.

आकडा सरकला. साडेअडतीस.