सागाच्या झाडाला उरलेला तुकडा

"मॅडम, लवकर या! वैजनाथची जीप नाल्यात गेली. विंचचा रोप तुटला."

सकाळी सातला हिमायतनगर ठाण्यात फोन आला. फौजदार बबिता पोचल्या तोवर बेशुद्ध वैजनाथला नांदेडला हलवलं होतं.

वैजनाथ आणि त्याचा भागीदार विनोद डोंगरात फसलेल्या गाड्या जीपपुढच्या विंचने, म्हणजे रोप (दोर) गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, बाहेर काढायचे. आज चढावर त्यांचीच जीप फसली. विनोदने रोप वरच्या सागाला बांधला, वैजनाथ आत बसून राहिला. रोप ताणला आणि तुटला.

"वीरेश मिस्त्रीची करणी हाय," विनोद म्हणाला. "आठ दिवसांखाली त्यानंच रोप अन् फेअरलीड बसवली. बघा की, तिला कसे चरे हायत. त्यावर घासूनच रोप कापला."

फेअरलीड म्हणजे विंचपुढचं ॲल्युमिनियमचं तोंड. रोप त्यातूनच बाहेर येतो. बबितांनी त्यावरून बोट फिरवलं. खोल, धारदार चरे होते.

मग त्या चढ चढून सागापाशी गेल्या. झाडाला जेमतेम दहा फूट तुकडा लोंबत होता. जीप सत्तर फूट खाली फसली होती. तुकड्याचं तुटकं टोक त्यांनी बराच वेळ न्याहाळलं.

दुपारी वीरेशला ठाण्यात आणलं. बाहेर वैजनाथचे भाऊबंद त्याची वाटच बघत होते.

"जुनी फेअरलीड बसवलीस?"

"न्हाई मॅडम. कोरी होती, आरशावानी गुळगुळीत. मी बसवला त्या धाग्याच्या रोपाला तशीच लागती. तारेच्या रोपाला लोखंडी रोलर पाहिजे. यातून तार ओढू नका, असं मी दोघांनाबी बजावलं होतं."

वैजनाथची बायको पुनम कोपऱ्यात बसली होती.

"जीप कुणाकडं असायची?" बबितांनी विचारलं.

"विनोदभाऊजीच्या शेडात. तीन दिवस दोघांचं बोलणं बंद होतं. 'जंगलखात्याला सांगावं लागंल,' एवढंच हे म्हणले. अन् आज पहाटं भाऊजीनंच फोन करून बोलावलं."

संध्याकाळी विनोदच्या शेडाची झडती झाली. मग बबितांनी तिघांना समोर बसवलं.

"विनोद, चऱ्यांवर घासून रोप तुटला असता, तर फेअरलीडपाशी तुटला असता. तो तुटला झाडापासून दहा फुटांवर, तोंडापासून साठ फूट लांब."

"आधी कधी घासला असंल."

"घासलेल्या रोपाचे धागे पिंजतात. हे टोक अर्धं पिंजलंय, अर्धं सरळ कापलंय. सुरीनं. उरलेलं अर्धं ताण पडल्यावर तुटलं. रोप झाडाला कुणी बांधला?"

"मीच. पण ते चरे तर हायतच की," विनोद म्हणाला.

"आणि चरे? धाग्यानं ॲल्युमिनियमला चरे पडत नाहीत. तारेनं पडतात. तुझ्या शेडात भुशाखाली तारेचा रोप सापडला. त्याच्या पिळात सागाची साल अडकलीय. धाग्याचा रोप काढून तू तार चढवायचास आणि चोरीचा साग ओढायचास. वैजनाथला ते कळलं. मग तू धाग्याचा रोप परत बसवलास आणि ते चरे वीरेशच्या माथी मारलेस."

वीरेशने डोळे मिटून श्वास सोडला.

विनोदची मान खाली गेली. "त्याला नुसतं भिववायचं होतं, मॅडम. जीव घ्यायचा नव्हता."

पुनम उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"मग त्यांना गाडीत बसवून तुमी बाजूला का उभं राहिलात, भाऊजी?"