दुसऱ्या काचेतली बाई

"माझं निदान चुकलेलं नाही," डॉक्टर प्राची सोनवणे म्हणाली. "आणि तेच जास्त वाईट आहे."

पोपट ओव्हाळने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. त्याची थोरली बहीण अंजना रेल्वे पोलिसातून निवृत्त झाल्यापासून दौंडच्या घरातूनच खासगी तपासाची कामं घेत होती. पोपट तिची जीप चालवायचा आणि दिसेल त्याचा संशय घ्यायचा. दोन्ही कामं तो जीव ओतून करी. त्यातलं पहिलं त्याला जमत होतं.

सन २००१ चा जानेवारी संपत आला होता. प्राची दौंडचीच, शेजारच्या वस्तीतली, तिथली पहिली एम.डी. शिरूरला डॉक्टर सत्यजीत गावडेंच्या लॅबमध्ये ती पॅथॉलॉजिस्ट होती. कॅन्सरच्या निदानाचं खास शिक्षण देणाऱ्या दोन वर्षांच्या फेलोशिपसाठी देशभरातून चौघांची निवड झाली होती आणि त्यात तिचं नाव होतं. एक फेब्रुवारीला मुंबईत हजर व्हायचं होतं.

"नोव्हेंबरात केंदूरच्या अनसाबाईंच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तळेगावच्या दवाखान्यातून आला," ती सांगू लागली. "मी कॅन्सर लिहिला. पुण्याला त्यांचा स्तन काढला. आत उरलेली गाठ तिथे तपासली, तर साधी. कॅन्सरचा मागमूस नाही. सर्जननी लॅबला पत्र लिहिलं, एक प्रत मुंबईला. आठ दिवसांत खुलासा दिला नाही, तर माझी जागा दुसऱ्याला."

"मग चुकलातच की तुम्ही," पोपट बोलून गेला.

"नाही ना, मामा. सूक्ष्मदर्शकाखालची ती काच मी दहा वेळा पाहिली. तिच्यात कॅन्सर आहेच. म्हणजे तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे." तिने कप बाजूला सारला. "जागा गेली तर मी रडेन आणि गप्प बसेन. पण ती बाई कुठंतरी निर्धास्त फिरतेय. अडीच महिने झाले."

पोपटला आपल्या बोलण्याची लाज वाटली.

अंजनाने वही उघडली. "त्या दिवशी छातीच्या गाठी किती आल्या?"

"ही एकच. दहा नमुने होते, बाकी अपेंडिक्स, गर्भपिशव्या. अदलाबदल झाली तर कुणाशी, हेच कळत नाही."

"आणि या गाठीच्या काचा किती?"

"दोन. एकीत साधी गाठ, दुसरीत कॅन्सर. एकाच गाठीत कधी कधी असं दिसतं. दुसरीतलं मांस जरा आक्रसलेलं होतं, मांस टिकवायच्या फॉर्मालिनऐवजी स्पिरिटात पडून राहिल्यासारखं. वाटलं, लॅबमध्येच काही कमीजास्त झालं असेल. आणि..." ती अडखळली. "दुसऱ्या दिवशी फेलोशिपची परीक्षा होती. मी घाईत होते."

न्हावऱ्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. एकेक ट्रॉली ओलांडत पोपटने जीप शिरूरला आणली.

डॉक्टर गावडे साठीचे, थकलेले. "ती गेली की माझ्या लॅबला कुलूप," त्यांनी सरळच सांगितलं. "थांब म्हणून मी हात जोडले होते तिला. पण म्हणून कुणाच्या काचेत कॅन्सर घालीन का मी?"

घालशील, पोपट मनात म्हणाला. त्याचा तपास तिथेच संपला होता.

अंजनाने नोंदवही मागितली. नमुना कापताना प्राचीने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: '४१३. अनसाबाई. तुकडा एक.' मग मेणाचे ठोकळे आले. तपासायचं मांस मेणात बसवून त्याचे पातळ काप काचेवर घेतात, आणि मांसासोबत नंबराची चिठ्ठी टाकतात. चिठ्ठी शिसपेन्सिलीनेच लिहायची, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. पोपटने ठोकळे एकेक करून उजेडात धरले. ४०९-अ, ४०९-ब, ४१०, ४११, ४१२, ४१३, ४१३-ब. त्याला त्यात काहीच दिसलं नाही, म्हणून त्याने ते नीट रांगेत मांडून ठेवले.

शिपाई ज्ञानू हात पुसत आला. तळेगावहून नमुन्यांच्या बाटल्या एसटीने तोच आणायचा.

"तळेगावच्या डाक्टरांची बाटली म्हंजी फॉर्मालिन काठोकाठ," तो म्हणाला. "समद्या गाडीच्या डोळ्यांतनं पानी येतं. लोकं माज्यावर वराडत्यात."

"वाटेत बाटल्यांची झाकणं बदलली असतील?" पोपटने दरडावलं.

"बाटली म्या उघडतच न्हाई, आप्पा. ते काम सविताताईंचं. लई चांगल्या हायेत वो त्या. डिसेंबरात पोरीचं लगीन झालं तवा समद्यांना पेढं वाटलं. पर पुन्याचं पत्र आल्यापास्नं जेवत बी न्हाईत. अनसाबाईचं लई लागलंय त्यांना."

सविता लॅबची जुनी तंत्रज्ञ. अठरा वर्षं मांस मेणात बसवण्यात गेलेली, पंचेचाळिशीची बाई. दुपारचं ऊन असूनही डाव्या खांद्यावरून शाल घेतलेली होती.

"दोन्ही काचा तुम्हीच केल्या?" अंजनाने विचारलं.

"व्हय. मीच करते समद्या." तिने कोपऱ्यातल्या फळीकडे बोट दाखवलं. फळी तिच्या डाव्या हाताशी, खांद्याच्या उंचीला होती. "ज्ञानू, ती बरणी दे रे काढून." मग हळूच म्हणाली, "मॅडम, प्राची मॅडम काय म्हणतात? दोन्ही काचांत कॅन्सर हाय का एकीतच?"

"एकीतच."

"कंच्या?"

"का हो?"

"सहज आपलं," सविता म्हणाली आणि बरणीचं झाकण पुसत राहिली.

शेवटी केंदूर. अनसाबाई अंगणात बाजेवर बसली होती. पदराखाली एक बाजू सपाट होती, आणि पोपटला कुठे पाहावं ते कळेना.

"तळेगावला किती तुकडे काढले, मावशी?"

"येकच. चिंचोक्याएवढा. डाक्टरनं बाटलीत टाकून दावला की मला." म्हातारीने बोळक्या तोंडाने हसून हात जोडले. "त्या शिरूरच्या पोरीला माजा आशीर्वाद सांगा. तिनं वळकलं म्हनून वाचले म्या."

तिला अजून कुणी काही सांगितलंच नव्हतं. जीपमध्ये बसल्यावर पोपटचा हात किल्लीवर नुसताच राहिला.

"गावडेला आज सोडायचा नाही, आक्का," तो चिडून म्हणाला.

"गाडी शिरूरला घे," अंजना म्हणाली. "आणि गावडेंना शिव्या देऊ नकोस. त्यांनी काही केलेलं नाही."

संध्याकाळी लॅबमध्ये सहाजण जमले. अंजनाने मधल्या टेबलावर चार ठोकळे ठेवले.

"प्राचीताई, तुम्ही एका नमुन्याचे दोन तुकडे केले, तर चिठ्ठ्यांवर काय लिहिता?"

"अ आणि ब."

"हे बघा, ४०९. अ आहे, ब आहे. आता ४१३ बघा. एकावर नुसतं ४१३, दुसऱ्यावर ४१३-ब. अ कुठाय?"

प्राचीने ठोकळा उचलला आणि तिचा चेहरा उतरला.

"तुम्ही एकच तुकडा घेतलात. वहीत तसं आहे, अनसाबाईही तेच सांगतात. एकाला अ लावायचं कारण नव्हतं. ब नंतर आला. म्हणजे अदलाबदल झालीच नाही, भर पडली. नोंद नसलेल्या एका बाईची गाठ अनसाबाईंच्या नंबराखाली घातली गेली."

"तळेगावच्या डॉक्टरांकडूनच आली असेल," गावडे म्हणाले.

"त्यांच्याकडे फॉर्मालिन काठोकाठ असतं. ब मधलं मांस आधी स्पिरिटात होतं. ज्याच्याकडे इंजेक्शनपुरतं स्पिरिटच असतं, अशा एखाद्या छोट्या दवाखान्यात ती गाठ काढली. बाटलीतून इथवर आलेलं मांस मेणात कोण बसवतं? बाटल्या उघडणारा हात एकच आहे." अंजनाचा आवाज मऊ झाला. "मग मी विचार केला, कुणासाठी? एक बाई मला विचारते, कॅन्सर दोन्ही काचांत की एकीत. पुण्याचं पत्र आल्यापासून तिला जेवण जात नाही. तोवर जात होतं, कारण तोवर कॅन्सर अनसाबाईंचाच असेल अशी आशा होती. आणि खांद्याएवढ्या उंचीवरची बरणी तिला डाव्या हाताने काढवत नाही. सविताताई, छातीतली ती गाठ तुमचीच. आता काखेतही आलीय ना?"

पोपटला जाणवलं, गावडेंवर आपण किती पैजा लावल्या असत्या.

सविताने शाल काढून मांडीवर ठेवली.

"पोरीची सोयरीक ठरली होती," ती म्हणाली. "हितली वही कोणबी चाळतं. आईला असलं काय हाय म्हटल्यावर कोण पोरगी करून घेतंय? म्हणून माहेरी पाटसला जाऊन छातीतली गाठ काढली. डॉक्टर म्हणला, साधी हाय, टाकून दे. पण अठरा वर्षं हेच काम केलंय, टाकवंना. मॅडम मुंबईला गेल्या की मग कोण बघणार होतं? त्यांच्यासारखी नजर न्हाई कुणाची. वाटलं, साधी असली तर साधी म्हणतील, अनसाबाईचं काय बिघडत न्हाई. वाईट असली तर त्याच टायमाला खरं सांगायचं."

"मग सांगितलं का नाहीत?" प्राचीने विचारलं.

"रिपोर्टात नुसतं कॅन्सर लिहिलं होतं. कंच्या काचेत, ते न्हाई. मला काच करता येती, वाचता येत न्हाई. रोज देवाला म्हणायचे, तिच्या काचेत असू दे." तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "तिच्या असू दे म्हणायचे वो मी. आन् त्या माउलीची छाती कापली."

ज्ञानू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गावडेंनी चष्मा काढला.

प्राची उठली. सविताला आतल्या खोलीत नेऊन तिने तपासलं आणि थोड्या वेळाने परत आली. तिने हात धुतले आणि डोळे पुसले.

"येळ गेली का?" सविताने मागून विचारलं.

"ते मी आत्ता सांगू शकत नाही, ताई. उद्याच मुंबईला निघायचं. मी बरोबर येते."

"आणि तुमचा खुलासा?" गावडे म्हणाले. "तुमची तर काही चूक नाही. मी तसं लिहून देतो."

"आहे. तुकडा एक लिहिला आणि काचा दोन पाहिल्या. मी मोजल्या नाहीत, कारण माझं लक्ष परीक्षेत होतं. तेच लिहिणार आहे. मला ठेवायचं की नाही, ते मुंबईवाले ठरवतील." ती अंजनाकडे वळली. "पण निघण्याआधी सकाळी केंदूरला जायला हवं. तुम्ही याल?"

"जीप देते," अंजना म्हणाली. "ते सांगायला मात्र तुम्हीच जायचं."

अनसाबाईचे जोडलेले हात पोपटच्या डोळ्यांपुढे आले. तिने पाठवलेला आशीर्वाद पोचवायचा राहिला होता, आणि आता तो पोचवायचा कसा, हे त्याला कळत नव्हतं.

प्राचीने नोंदवही पुढे ओढली आणि नवा नंबर टाकला. मग पेन हातात धरून ती थांबली.

"लिवा," सविता म्हणाली. "नाव पुरं लिवा, मॅडम."

प्राचीने पुरं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात 'तुकडा एक' असं लिहून तिने ४१३-ब चा ठोकळा उचलला आणि एक म्हणून मोजला.