काळ्या दगडापर्यंतची रेती

ज्याला हे खोटं वाटतं, त्यानं खुशाल यावं आणि माझ्या धाकट्या बहिणीचा उजवा हात बघून जावा. बोट बुधवारी असते.

मी शाळेत दोनच वर्षं गेले. रचून सांगायची हुशारी माझ्याकडे नाही, आणि गरजही नाही. झालं ते ईस्टरनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी झालं. पहाट सरल्यावर, लख्ख उजेडात.

आमचं वालेको गाव सॉलोमन बेटांतलं. मागे धुमसता डोंगर, पुढे समुद्र, मधे गरम रेतीचं शेत. मेगापोड पक्षी पहाटे येतो, त्या रेतीत खोल अंडं पुरतो आणि निघून जातो. मागे वळून बघत नाही. पक्षी उडाले की आम्ही बायका पालथ्या पडून, खांद्यापर्यंत हात घालून अंडी काढतो. तीनातलं एक पक्ष्याला ठेवायचं.

प्रत्येक घराचा तुकडा ठरलेला. आईकडून लेकीला. हद्द आमच्या तोंडात असते.

ती कागदावर आणली मारितनं.

मारित नॉर्वेची पोरगी, पंचविशीतली. पदरचं भाडं भरून आमचे पक्षी वाचवायला आलेली. राहायला माझ्या बहिणीकडे, सलोमेकडे. रोज पहाटे वही घेऊन शेताच्या कडेला बसायची आणि पक्षी मोजायची.

"आम्ही खायला उठतो, तू मोजायला उठतेस," सलोमे तिला चिडवायची. "आईनं पोटभर घातलं नाही वाटतं तुला!"

"मोजलं नाही ना मावशी, तर तुझ्या नातीला अंडं चित्रात बघावं लागेल."

"जिभेला हाड नाही पोरीच्या. घे, रताळं घे."

जीव होता दोघींचा एकमेकींवर. ते खोटं नाही सांगणार.

कुठल्या तुकड्यात किती अंडी, हे कळायला नकाशा हवा होता. मारित कोपऱ्याकोपऱ्यावर नंबर घातलेल्या पांढऱ्या खुंट्या ठोकत होती. नकाशा राजधानीत, होनियाराच्या कचेरीत जाणार. पुढे कधी भांडण उठलं तर तोच खरा धरणार.

आणि नेमकी त्याच दिवसांत फेलिस्ता वारली.

फेलिस्ताचा तुकडा सलोमेच्या तुकड्याला लागून. आमच्यात बाई गेली की तिचा तुकडा शंभर दिवस बंद. कुंपणाचा झाप, नारळाची विणलेली झावळी, आडवा टाकायचा, रेतीला हात लावायचा नाही. तिच्या लेकीनंही नाही. लेक शंभर दिवस घराबाहेर पडत नाही, कुणाशी बोलत नाही. फेलिस्ताला एकच लेक, जोसेफा. वीस वर्षांची. बाप नाही, भाऊ नाही. त्या रेतीवरच तिचं पोट.

म्हणजे मोजणीला फेलिस्ता नव्हती. जोसेफाही नव्हती.

"मावशी, तुझी हद्द कुठपर्यंत?" मारितनं विचारलं.

खरी हद्द काळ्या दगडाशी. पोटातल्या पोरालाही ठाऊक.

सलोमेला तीन लेकी आणि तुकडा एक. तिनं पलीकडे बोट दाखवलं. "तो बदामाचा बुंधा दिसतो? तिथपर्यंत."

दगडापासून बुंध्यापर्यंत बारा पावलं. फेलिस्ताच्या रेतीतली सगळ्यांत चांगली बारा पावलं.

"नक्की?"

"मग मेलेल्या बाईला विचारून येऊ का?"

तिथे होत्या त्या सगळ्या हसल्या. मारितनं बुंध्याशी खुंटी ठोकली. नंबर चौदा.

दुसऱ्या दिवशी पहाटे खुंटी बुंध्याशी नव्हती...

काळ्या दगडाशी होती.

"पोरांची मस्ती," मारित म्हणाली आणि परत ठोकून आली.

तिसऱ्या दिवशी... पुन्हा दगडाशी.

चौथ्या दिवशी सलोमेनं स्वतः दगड मारून मारून ती खुंटी वीतभर आत घातली. संध्याकाळी शेवटची तीच निघाली. शेवटी निघेल तिनं झापानं सगळी रेती झाडून सपाट करायची, म्हणजे सकाळी पक्ष्याचे नवे खड्डे ओळखू येतात. सलोमेनं झाडून काढली.

पहाटे गेली तर खुंटी दगडाशी. रेतीवर एक पाऊल उमटलेलं नव्हतं. माणसाचं नाही, कुत्र्याचं नाही.

आणि त्या बारा पावलांत एक खड्डा होता. पक्ष्याचा नव्हे. हाताचा.

सलोमे वाकली...

उकरलेली रेती उलट्या बाजूला पडली होती.

आमच्या गावात डाव्या हातानं उकरणारी बाई एकच होती. तिला जमिनीत ठेवून अकरा दिवस झाले होते.

सलोमेनं पायानं खड्डा बुजवला. मला हे तिनं नंतर सांगितलं. घरी येऊन मारितला म्हणाली, "तुझा तो कॅमेरा पक्ष्यांवर लावतेस ना, तो खुंटीवर लाव."

मारितनं बुंध्याला कॅमेरा बांधला. सकाळी दोघी फोटो बघत बसल्या. एका फोटोत खुंटी इथे, पुढच्यात तिथे. मधे माणूस नाही. नुसते पक्षी.

"मावशी, हे बघ..." मारितचा आवाज बारीक झाला. "पक्षी इथून वळून जातायत. सगळे. मधे काही आडवं पडलेलं असावं तसे."

पालथ्या पडलेल्या बाईला पक्षी जसे टाळतात, अगदी तसे. रेती मात्र मोकळी होती.

"मावशी, मी हद्द चुकीची तर काढली नाही ना? उद्या नकाशा बोटीनं जाईल. आज सांगितलंस तर आज बदलते."

एवढं सरळ विचारलं पोरीनं.

सलोमेच्या डोळ्यांसमोर तिन्ही लेकी आल्या. "तू अंडी मोज," ती म्हणाली. "आमच्या हद्दी आम्हाला शिकवू नकोस."

आणि तरातरा शेतात गेली. तोच मंगळवार.

सूर्य वर आला होता. पक्षी उडून गेले होते. बाकीच्या बायका आपापल्या तुकड्यात पालथ्या. मी माझ्या तुकड्यात होते, वीस पावलांवर. सलोमे त्या बारा पावलांत शिरली, आडवा झाप ओलांडून. मेलेलीची रेती, शंभर दिवस सरले नव्हते. मारित तिच्या मागे वही घेऊन धावली.

"मावशी, ही बंद आहे ना?"

"नकाशात माझी आहे की नाही? मग!"

ती पालथी पडली. हात घातला. कोपरापर्यंत. खांद्यापर्यंत. गाल रेतीला टेकला.

बोटांना अंडं लागेना. तिनं तळहात उघडून चाचपलं...

आणि कुणीतरी खालून तिच्या तळहातावर अंडं ठेवलं.

हळूच. आई मुलाच्या हातात खाऊ ठेवते तसं.

मग तिची बोटं एकेक करून मिटवली.

सलोमेनं हात ओढला. येईना. मनगटाभोवती पकड बसली होती, थंडगार. आणि त्या पकडीभोवती रेती तापायला लागली...

तेव्हा ती किंचाळली. मी साठी उलटलेली बाई, पण धावले. मारितनं तिचे खांदे धरले, मी कंबर धरली. दोघींनी ओढलं. तसूभर हलेना. बाकीच्या बायका उठून उभ्या राहिल्या, पण त्या झापाच्या आत एकीनं पाऊल टाकलं नाही.

"काळ्या दगडापर्यंत!" सलोमे ओरडली. "काळ्या दगडापर्यंत तिचीच आहे! मी खोटं बोलले! सोड गं बाई, सोड!"

खरं बोललं की सुटका होते असं पाद्री सांगतो. त्याला फेलिस्ता कुठे भेटली होती?

नाही सोडलं तिनं. खरं बोलल्यावरही नाही. मी मनात मोजत होते, तीसपर्यंत मोजलं... मग सोडलं.

हात बाहेर आला तो कोपरापर्यंत भाजलेला. कातडं सुटलेलं. आमची रेती एवढी कधी तापत नाही. तापली असती तर पिल्लं जन्मली असती का? पण मुठीतलं अंडं उकडून कडक झालं होतं.

आणि मनगटावर... पाच पट्टे कोरे होते. साफ, पांढरे. जिथे बोटांनी धरलं होतं तेवढंच भाजलं नव्हतं. मारितनं आपला हात त्यावर ठेवून बघितला. उजवा बसेना.

डावा बसला.

मारितनं त्याच दिवशी नवा नकाशा काढला. जोसेफाला तिची बारा पावलं मिळाली. मारित पुढच्या बोटीनं गेली. कॅमेरा मागेच सोडून गेली, तो अजून बुंध्याला आहे. उतरवायला कोणी जात नाही.

सलोमेची बोटं आता मिटत नाहीत. तिच्या तुकड्यात पक्षी येतात, फिरतात आणि न पुरता निघून जातात. एक अंडं नाही त्या दिवसापासून. तिच्या लेकींनी खायचं काय, हे फेलिस्तानं पाहिलं नाही. का पाहावं? जोसेफाचं आम्ही कुठे पाहिलं होतं?

'आम्ही' म्हणाले मी. आता लिहायला बसलेच आहे तर लिहिते.

मोजणीच्या दिवशी सगळ्या हसल्यावर मारित माझ्याकडे वळली होती. "आजी, तू मोठी. तू सांग. बुंध्यापर्यंत बरोबर ना?"

मी सुपारी चघळत होते. तोंडानं काही बोलले नाही. नुसती मान हलवली.

मारित तर निघून गेली. आता हे सलोमेला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. तिसरीला ठाऊक नसेल, असं मी धरून चालले होते.

गेल्या तीन संध्याकाळी माझा तुकडा मीच झाडून निघते. तीनही पहाटे मधोमध खड्डा असतो. रेती उलट्या बाजूला पडलेली. रोज बुजवते, रोज असतो.

पहिल्या दिवशी वाटलं, हाताचा असेल. वाकून बघितलं...

हाताला एवढा रुंद खड्डा लागत नाही.

त्यात माझं डोकं मावेल. मानेपर्यंत.