दारातला टेलिफोन

बाळीवेशीतल्या सुताच्या व्यापाऱ्याने आपल्या तिमजली घराच्या दारातच टेलिफोन बसवला होता. येणाऱ्याने खालून नाव सांगावे, मग वरच्या बायकांनी दार उघडावे, अशी नवी सोय. दुकानातला कारकून सिद्धाराम मालकांचा डबा न्यायला प्रथमच आला, त्याने कर्णा कानाला लावला… आणि नाव सांगायचेच विसरला.

"मी… डबा…"

"अगबाई! आता डबाबी बोलाय लागला की!"

मालकांची मुलगी विजयमाला हसत होती. तो लाजेने चूर झाला. तरी दुसऱ्या दिवशी दुपार कधी होते, असे त्याला झाले.

डबा दोराला बांधलेल्या टोपलीतून सज्ज्यावरून उतरे. टोपली सोडणाऱ्या हिरव्या बांगड्या तेवढ्या दिसत. समोरासमोर त्याला शब्द फुटला नसता. त्या काळ्या कर्ण्यापाशी मात्र तो धीट होई.

"काय डबा, ऊन लागलं का?"

"तुमचा आवाज आला, की सावली पडते…"

"लई बोलाय लागलाय तुमी!"

एके दुपारी ती हसली नाही. "उद्या अक्कलकोटचे पाहुणे मला बघाय येणार हायत."

त्याने कर्णा आणखी घट्ट धरला.

"त्यांना… होकार देऊ नका. मला — मला तुम्ही हव्या आहात."

मग अगदी हळू, "न्हाय देत."

आणि लगेच तिसरा, भारदस्त आवाज: "मग उद्या पुरण शिजवू का नको, ते तरी सांगा दोघं!"

मधल्या मजल्यावरच्या तिच्या गिरिजाकाकू! तिन्ही मजल्यांचे कर्णे एकाच तारेवर होते. जो उचलेल त्याला सारे ऐकू जाई, हे त्याला ठाऊकच नव्हते. इतक्या दिवसांचे ते सारे हळवे शब्द… भर रस्त्यात अंगावरचे कपडे कुणी ओढून न्यावेत, तसे त्याला झाले. डबा न घेताच तो वळला.

मागे दार उघडले. ती स्वतः डबा घेऊन उभी होती. मान खाली, कानांच्या पाळ्या लाल.

"काकू ऐकत्यात, ते मला ठाव होतं. तरी बोलले. आता आमच्या अप्पांना तुमी सांगायचं… तोंडावर. जमंल?"

त्याला नजर उचलवेना. डबा घेताना बोटांना बोटे लागली.

"सांगतो."

"मग पळा," ती पुटपुटली, "उपाशी असले, की अप्पा लई चिडत्यात."