अविश्वास-पातळी ऐंशी

कोल्हापूरच्या आंतरग्रहीय मराठी मंडळाच्या सभागृहात, अगदी मागच्या भिंतीला लागून, काचेची एक खोली होती. बाहेरचा आवाज तिच्या आत येत नसे आणि आतला बाहेर जात नसे. ध्वनितंत्रज्ञ कुमुदिनी वाळिंबे त्या खोलीत बसून दरवर्षी मंडळाचा वर्धापनदिन मंगळावर पोचवत. आजचा हा त्यांचा सव्विसावा कार्यक्रम, आणि शेवटचा. उद्यापासून त्या निवृत्त होणार होत्या.

मंगळावर साडेचारशे मराठी कुटुंबं होती. त्यांना कार्यक्रम सभागृहात बसल्यासारखा ऐकायचा असे. त्यासाठी आठ वाहिन्या लागत: समोरच्या तीन, टाळ्या आणि खोकल्यांसाठी मागच्या दोन, ढोलासारख्या खोल आवाजाची एक आणि निवेदकांच्या दोन. मंगळापर्यंतचा ध्वनिमार्ग मात्र जेमतेम दोन वाहिन्यांपुरता. आठ वाहिन्या दोहोंच्या जागेत बसवणारं यंत्र म्हणजे संकेतक, आणि पलीकडे त्या उलगडून पुन्हा आठ करणारं यंत्र म्हणजे विसंकेतक. यंदाची जोडी नवी होती. ती घडवणारे डॉ. सुहृद पेंढरकर जोडणीसाठी जातीनं पुण्याहून आले होते.

"जुना संकेतक सगळा आवाज दाबून, घड्या घालून पाठवायचा," डॉक्टर सांगू लागले. "हा बहुतेक वेळा काही पाठवतच नाही. दोन्ही टोकांच्या यंत्रांनी मंडळाची पंचवीस वर्षांची ध्वनिमुद्रणं ऐकून ठेवली आहेत. पुढं कोणतं वाक्य येणार, याचा अंदाज दोघंही अगदी सारखाच बांधतात. वक्ता तेच बोलला, तर पाठवायचं काय? मंगळावरचा विसंकेतक त्याच्या आवाजात ते वाक्य आपणच म्हणतो. वक्ता वेगळं बोलला, तर तेवढा फरक पाठवायचा. त्याला आम्ही दुरुस्ती म्हणतो."

"मग आमच्या रावसाहेबांच्या भाषणाला काहीच पाठवावं लागणार नाही," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"असं कसं? चाळीस मिनिटं बोलतात म्हणे."

"बोलतात ना."

रावसाहेब हुपरीकर मंडळाचे संस्थापक-अध्यक्ष. 'मी फक्त दोन शब्द बोलणार आहे' इथून ते सुरू होत आणि आभारप्रदर्शनापर्यंत जात. आभार ते दुसऱ्या कुणाला मानू देत नसत, कारण दुसरा माणूस कुणाला तरी विसरेल अशी त्यांना धास्ती असे. पाहुण्यांपासून मांडववाल्यापर्यंत आणि हारवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांची नावं ते बिनचूक घेत, आणि शेवटी म्हणत, 'तसेच ध्वनिव्यवस्था सांभाळणारे ज्ञात-अज्ञात हात.' ते हात कुमुदिनीबाईंचे होते. पंचवीस वर्षं त्या अज्ञातच राहिल्या होत्या. 'आपल्याला काय करायचंय नावाशी,' असं त्या सगळ्यांना सांगत. पण त्यांना ते लागत असे, आणि दरवर्षी आभार सुरू झाले की त्या कान टवकारून बसत. आज तर ही शेवटचीच संधी होती.

दुपारी चाचणीसाठी डॉक्टरांनी गेल्या वर्षीच्या भाषणाचं मुद्रण संकेतकात सोडलं. दुरुस्ती गेली की पेटणारा हिरवा दिवा दहा मिनिटं झाली तरी पेटेना. डॉक्टरांनी दिवा बदलला. मग तारही बदलली. शेवटी बाईंनी माईकसमोर सहज शिट्टी वाजवली, तसा दिवा लख्ख पेटला.

"गेल्या वर्षीचं भाषण त्यानं आधीच ऐकलेलं आहे, म्हणून असेल," डॉक्टर अविश्वासानं म्हणाले.

"यंदाचं ऐकलं तरी हेच होईल," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी पाच वाजता वेधशाळेचा निरोप आला की सूर्यावर वादळ उठलं आहे आणि मंगळाच्या वाटेवर खरखर वाढणार आहे. डॉक्टरांनी एका खटक्याकडे बोट दाखवलं.

"ही अविश्वास-पातळी. खरखर वाढली की वाटेत खोट्या दुरुस्त्या उगवतात. म्हणून विसंकेतकाला सांगून ठेवायचं, की एखादी दुरुस्ती तुझ्या अंदाजापासून फारच लांबची वाटली तर ती खरखर समज, टाकून दे आणि आपलाच अंदाज म्हण. चाळीसच्या पुढं मात्र जाऊ नये."

गाण्यांना बाईंनी पातळी वीसवर ठेवली. रावसाहेब माईकपाशी आले, तशी त्यांनी ती ऐंशीवर नेली.

"ऐंशी?" डॉक्टर दचकले. "आणि ते काही नवं बोलले तर?"

"डॉक्टर, रावसाहेबांनी नवं बोलण्यापेक्षा सूर्य शांत व्हायची शक्यता जास्त आहे."

असं म्हणून बाईंनी हेडफोन चढवला. सभागृहातला मूळ आवाज त्या कधीच ऐकत नसत. 'पातेल्यातलं चाखू नकोस, पाहुण्याच्या पानातलं चाख,' अशी त्यांच्या गुरूंची शिकवण होती. टेबलावर मंगळावरच्या विसंकेतकाचा जुळा भाऊ होता. त्याच दुरुस्त्या, त्याच पातळ्या. मंगळावर जे ऐकू जाणार तेच तो बाईंच्या कानात घालत होता.

"मी फक्त दोन शब्द बोलणार आहे," कानात आलं. हिरवा दिवा पेटला नाही. विसंकेतकानं चाळीस मिनिटं खणखणीत भाषण केलं, मागच्या वाहिन्यांत योग्य जागी टाळ्या दिल्या, आणि 'वेळेअभावी थांबतो'च्या आधी नेहमीचा एक खोकलाही घातला. आभार सुरू झाले. बाई सरसावून बसल्या. मांडववाले झाले, हारवाले झाले, चहावाले झाले.

"तसेच ध्वनिव्यवस्था सांभाळणारे ज्ञात-अज्ञात हात. जय मंगळ."

बाईंनी खाली मान घातली. संपलं. त्यांना रडू येईल असं वाटलं आणि त्याचा रागही आला.

मान वर केली तेव्हा रावसाहेबांचे ओठ अजून हलत होते. कानात मात्र भाषण संपल्याच्या टाळ्या पडत होत्या. ओठ आणि आवाज यांचा मेळ गेला होता. तेवढ्यात सगळं सभागृह काचेच्या खोलीकडे वळलं. लोक उभे राहिले, हात वर करून टाळ्या वाजवू लागले. कानात खुर्च्या सरकवून लोक घरी निघाले होते.

"मागच्या दोन्ही वाहिन्या गेल्या," बाई म्हणाल्या आणि थेट टेबलाखाली शिरल्या. त्यांनी चौथी तार काढून पाचवीच्या जागी लावली, पाचवी चौथीच्या जागी लावली, आणि मग दोन्ही पुन्हा होत्या तशा केल्या. पाच मिनिटांनी त्या धुळीनं माखून बाहेर आल्या, तोवर सभागृह रिकामं होत आलं होतं.

दारात रावसाहेब उभे होते. हातात नारळ होता.

"बाई, आयुष्यात पहिल्यांदा कागद सोडून बोललो," ते म्हणाले. "नाव घेऊन स्टेजवर बोलावलं तुम्हास्नी. तुम्ही आपल्या टेबलाखाली. तुमच्यासाठी आणलेली शाल शेवटी पाहुण्यांनाच परत पांघरली, आता त्यांच्याकडं दोन झाल्या."

"काय बोललात, रावसाहेब?"

"ते आता कसं सांगू? एकदाच धाडस झालं." नारळ टेबलावर ठेवून ते निघून गेले. पाठीकडूनसुद्धा कळत होतं की ते दुखावलेत.

डॉक्टरांनी यंत्राचा अहवाल उघडला. भाषण चाळीस मिनिटं. स्वीकारलेल्या दुरुस्त्या शून्य. खरखर म्हणून टाकलेली दुरुस्ती एक.

दिवा पेटला असणार. बाईंची मान तेव्हा खाली होती.

"म्हणजे मीच टाकली," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षं ते माझं नाव घेत नव्हते. घेतलं, तेव्हा मीच यंत्राला सांगून ठेवलं होतं की विश्वास ठेवू नकोस."

"जुळ्याच्या त्याज्य कप्प्यात सात दिवस राहतं ते," डॉक्टर म्हणाले. "पण तुटक ऐकू येईल. यंत्राला जे आधी ठाऊक होतं ते वजा झालंय. सन्माननीय, याप्रसंगी, ऋणात राहू इच्छितो, ते सगळं गेलं. फक्त नवं तेवढं उरलंय."

बाईंनी हेडफोन घट्ट धरला.

"वाळिंबेबाई," रावसाहेबांचा आवाज आला. मग शांतता. "गळ्याचं ऑपरेशन झालं त्या साली... निम्मा शब्द तोंडातच राहायचा... मंगळावरनं पत्रं आली, आवाज खणखणीत लागला म्हणून... मी कुणाला बोललो न्हाई... तुम्हीपण न्हाई... ती खणखण तुमची होती."

त्याला आठ वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी बाईंनी चाळीस मिनिटं आवाजाच्या खटक्यावर बोट ठेवून रावसाहेबांचा प्रत्येक शब्द शेपटीशी घसरताना वर उचलला होता. दोन दिवस मनगट दुखत होतं. हे कुणाला कळलं असेल, असं त्यांना कधीच वाटलं नव्हतं. आता त्या खरंच रडल्या, आणि रागही आला नाही.

डॉक्टर म्हणाले, "दुरुस्ती हातानं मान्य करता येते. मंगळावर पाठवू?"

"पाठवली तर काय होईल?"

"साडेचारशे घरांत ऐकू जाईल. फक्त एक आहे. विसंकेतक जे म्हणतो ते शिकतो. पुढच्या वर्षी आभार सुरू झाले की त्याला तुमचं नाव अपेक्षितच असेल."

"रावसाहेब बोलले नाहीत तरी?"

"कुणी पातळी ऐंशीवर ठेवली, तर बोलले नाहीत तरी. दरवर्षी म्हणेल. अगदी मनापासून म्हणेल."

मोह झाला नाही असं नाही. बाईंनी दरवर्षीचं चित्र डोळ्यांपुढं आणून पाहिलं. मग खणातून कागदी चिकटपट्टी काढली, पेनानं दोन शब्द लिहिले आणि ती त्याज्य कप्प्याच्या बटणावर चिकटवली: 'शिकवू नये.' अविश्वास-पातळी त्यांनी दहावर आणली, नारळ काखोटीला मारला आणि काचेचं दार उघडलं.

रावसाहेब पायरीवर गाडीची वाट पाहत उभे होते.

"रावसाहेब, ऐकलं मी," बाई म्हणाल्या.

रावसाहेब वळले. सवयीनं त्यांनी घसा साफ केला.

"याप्रसंगी मला—" ते म्हणाले आणि थांबले. पुढं काय म्हणावं ते त्यांना सुचेना. बाई नारळ घेऊन त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या. त्यांना काही घाई नव्हती.