दाराचं रबर

त्या शनिवारी दुपारी बाबा दुकानातल्या फ्रीजच्या दाराच्या रबराला खोबरेल तेल चोळत बसले होते. पायरीवर छत्री झटकत प्रज्वल ओरडला, "मामा, काय करता काय! तेलानं रबर फुगतं!"

बाबांचा हात थांबला. "कालपर्यंत काका होतो. आज मामा कधी झालो रे?"

आमच्याकडे काकाची मुलगी बहीण लागते. मामाची मुलगी मात्र बायको म्हणून चालते. हे ध्यानात येताच प्रज्वल कानापर्यंत लाल झाला आणि फ्रीजमध्ये डोकं घालून बसला.

हा किन्हवलीचा फ्रीज मेकॅनिक आषाढात पहिल्यांदा आला, तो केवळ आडोशाला. टोकावड्यात आमच्या दुकानासमोरच त्याची मोटारसायकल बंद पडली होती. उभ्या उभ्या त्याने फ्रीजच्या काचेवरून ओघळणारं पाणी पाहिलं, वर्तमानपत्राचा कपटा दारात धरून दार लावलं आणि कपटा अलगद ओढून काढला.

"बघा. दार नीट मिटत नाय. सगळा गारवा रस्त्यावर चाललाय."

रबराच्या घड्यांतला मळ त्याने ब्रशने काढला, कडा गरम पाण्याने शेकली. मग आठवड्याआड येऊ लागला.

"इतक्या लवकर परत?" मी विचारायची.

"रबराला सवय लागावी लागते."

"कशाची?"

"...मिटून राहायची," असं म्हणून तो माझ्याकडे न बघता हसायचा.

त्या शनिवारी तो गेल्यावर बाबांनी विचारलं, "मैना, मी त्याचा मामा झालेलं तुला चालंल काय गो?"

"काहीतरीच तुमचं!" मी चहाचे कप उचलून आत गेले.

रविवारी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर मुरबाडच्या काकांनी सगळं ठरवलं. दुकान बंद करायचं, आईने आणि मी त्यांच्याकडे राहायचं, फ्रीज घाटाखालच्या ढाब्याला द्यायचा. ढाबेवाल्याची एकच अट होती, दाराला नवं रबर हवं. काकांनी प्रज्वललाच बोलावलं.

तो आला तेव्हा भादव्याची झड लागली होती. माळशेज घाटातली पर्यटकांची गर्दी ओसरलेली, रस्ता ओला आणि मोकळा. नवं रबर घडी पडून वाकडं झालं होतं. मी बादलीत गरम पाणी ओतलं, त्याने रबर त्यात बुडवलं.

"काकांनी तेलाचा नाद काय सोडला नाय," तो हळूच म्हणाला.

काका. बाबा पुन्हा काका झाले होते.

जुनं रबर खाचेतून निघू लागलं तसा खोबरेलाचा वास दुकानभर पसरला. खवट, कोमट, अगदी बाबांच्या हातांचा. मी पायरीवर खाली बसले. प्रज्वलने सांत्वन केलं नाही. रबर फडक्याने पुसलं, गुंडाळी केली आणि माझ्याशेजारी ठेवलं.

"लगेच फेकू नका," एवढंच म्हणाला.

मग तो कामाला लागला. आधी चार कोपरे, मग मधली कड, अंगठ्याने दाबत दाबत. त्याचे अंगठे पांढरे पडत होते. दार लावून त्याने कागद ओढून पाहिला. कागद हलला नाही.

"झालं." तो हत्यारं पिशवीत भरू लागला. "उद्या टेम्पो येईल ना?"

"हो."

"मग... इकडं येणं नाय व्हायचं आता."

"का?"

"काय सांगून येऊ? मुरबाडला तुमच्या काकांच्या घरी कुठला फ्रीज बिघडलाय?" त्याने हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. "तुमच्यासाठी स्थळ बघतायत म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तुमचे काकाच. मघाशी फोनवर. चांगली घरं आहेत म्हणे मुरबाडात."

बाहेरून घाटाकडे जाणारी एसटी पाणी उडवत गेली. मग त्याने पिशवी खांद्याला लावली.

"येतो, मैना."

तो पायरी उतरला. पावसात त्याचा शर्ट पाठीला चिकटला, तरी तो छत्री उघडेना.

"प्रज्वल."

तो वळला.

"मला तुम्ही आवडता. बाबांनी विचारलं, तेव्हाही आवडत होता... त्यांना सांगितलं नाही मी."