कागदाची डावी कड

दुसऱ्याला तासन्‌तास खुर्चीत बसवून ठेवायला चित्रकारांना फार आवडतं, स्वतः बसायची वेळ आली की मात्र प्रत्येकाची कंबर दुखते. समुद्राकाठच्या आमच्या वसाहतीत ही कंबरदुखी रोज दुपारच्या जेवणानंतर सुरू व्हायची. बाहेरून कुणाला बोलवायचं नाही, आपल्यातल्याच एकाने बसायचं आणि बाकीच्यांनी त्याला काढायचं, असा वसाहत चालवणाऱ्या मास्तरांचा पहिल्यापासूनचा नियम होता. त्या उन्हाळ्यात मी धाकट्या बहिणीला सोबत घेऊन आले आणि पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मी बसेन रोज. मला दुसरं काम काय आहे?" सगळ्यांना हायसं वाटलं. संध्याकाळपर्यंत आम्हा दोघींची नावंच पडून गेली, थोरली आणि धाकटी.

मी छापचित्रं करते. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र कोरायचं, मग पत्रा आम्लात सोडायचा. आम्लाने रेघा खाल्ल्या की त्यांत शाई भरायची आणि ओल्या कागदावर छाप घ्यायचा. घाण काम आहे, नखं कायमची काळी. पण त्याला नियम आहेत, ते पाळले तर पत्रा दगा देत नाही. माणसांबद्दल मला एवढी खात्री कधी वाटली नाही.

धाकटीचा नवरा गेल्याला वर्ष होत आलं होतं. ती रडत नव्हती, चिडत नव्हती, खा म्हटलं तर दोन घास खायची. शहरातल्या घरी एकदा मी दूध घेऊन परत आले तर ती गॅलरीच्या कठड्याशी उभी होती. नुसती उभी होती, पण ज्या तऱ्हेने उभी होती ते बघून मी तिला हाताला धरून आत आणलं. दुधाची पिशवी तिथेच ठेवून मी तिची बॅग भरायला घेतली. आईवडील कधीच गेले, आम्हाला एकमेकींशिवाय कुणी नाही. तिने हसावं, नवा संसार थाटावा असली काही माझी अपेक्षा नव्हती. तिने जगावं, एवढंच मला हवं होतं.

आम्ही जिथे काम करायचो ती पूर्वी होड्या बांधायची शेड होती. आमच्या डाव्या हाताला समुद्राकडे उघडणारं मोठं लाकडी दार, उजव्या हाताला स्वयंपाकघराचं छोटं दार, आणि मधोमध खुर्ची. तिच्यासमोर अर्धगोलात आम्ही. मास्तर पाठीमागून फिरत राहायचे. चित्रात फक्त माणूस काढायचा, खुर्ची नाही, भिंत नाही, खिडकी नाही. "आधी माणूस उभा राहू दे, मग त्याचं घर बांधा," असं ते म्हणायचे. तास झाला की सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडायचे, सगळ्यांनी ते बघायचे आणि मगच सही करायची.

उन्हाळा उतरणीला लागला होता. किनाऱ्यावरच्या छत्र्या उतरल्या होत्या, पाहुण्यांनी भाड्याची घरं सोडली होती, ऊन तिरपं होऊन शेडमध्ये आतपर्यंत यायला लागलं होतं. अशाच एका दुपारी कुंभार जमिनीवरच्या कागदांकडे बघून म्हणाला, "काय हो मास्तर, आज सगळ्यांचीच मान आखडली का?"

कुंभार हा आमच्यातला वयाने मोठा आणि जिभेने पोरकट माणूस. त्याच्या बोलण्यावर आम्ही हसलो, आणि मग कागद बघितले. प्रत्येक चित्रात धाकटीचा चेहरा डावीकडे वळलेला होता. ती तर तासभर सरळ समोर बघत बसली होती.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं. "नीट बघून काढा जरा."

"तुझा कागद कुठला?" कुंभाराने विचारलं.

माझाही तसाच होता.

मी सोडून देणारी नाही. दुसऱ्या दिवशी मी तुळईला दोरी बांधली, दोरीला शिशाचं वजन लावलं आणि ती खुर्चीच्या पुढे सोडली. धाकटीचं नाक बरोबर दोरीमागे होतं. हात लांब करून, एक डोळा मिटून मी दर दोन रेघांनी माप घेत होते. अर्धगोलाच्या डाव्या टोकाला बसलेल्याला आणि उजव्या टोकाला बसलेल्याला ती एकसारखी दिसणं शक्यच नव्हतं. कागद मांडले. सगळ्यांवर एकच चित्र होतं, एकाच बाजूने बघितलेलं. मान तर वळली होतीच, आता खांदाही वळला होता.

कुंभाराने त्या दिवशी आपल्या कागदावर सही केली नाही.

पुढच्या दुपारी चित्रांतली धाकटी अर्धवट उठली होती. त्यानंतर ती उभी राहिली. मग एक पाय पुढे पडला. काढताना आमच्यापैकी कुणालाही हे कळत नसे. समोर बसलेली बाई आपण काढतोय, याची प्रत्येकाला खात्री असायची. कागद जमिनीवर ठेवून दोन पावलं मागे सरल्यावरच ती चालताना दिसायची, आणि नेहमी डावीकडे, समुद्राकडे.

"थांबवू या हे," मी मास्तरांना म्हटलं.

मास्तरांनी कोळशाची कांडी बोटांत फिरवली. "मी थांबवतो गं. पण ती जेवायला लागलीय, बघितलंस ना? काल तर माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या तिने."

खरं होतं ते. ती जेवत होती. झोपत होती. चेहऱ्यावर रंग आला होता, आणि तो बघायला मी वर्षभर आसुसले होते. म्हणून मीही गप्प बसले.

एका संध्याकाळी ती पायरीवर बसून तळवे चोळत होती. मी तिच्या शेजारी बसले.

"धाकटे, खुर्चीत बसल्या बसल्या कसला विचार करतेस?"

"कसला नाही. तुम्ही सगळे बघत असता ना, तेव्हा बरं वाटतं." ती थोडी थांबली. "पाय मात्र फार दुखतात गं, ताई."

"बसून?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. तिचे तळवे लाल झाले होते, कडेला फोड आले होते.

दुसऱ्या दिवशी मांडलेल्या कागदांवर जवळजवळ काहीच नव्हतं. सगळे कागद कोरे, फक्त डाव्या कडेला मागे राहिलेली एक टाच, झग्याची किनार आणि मागे आलेला हात. बाकीची ती कागदाबाहेर गेली होती.

मास्तरांनी कोळसा खाली ठेवला. "उद्यापासून बंद," ते म्हणाले. मी लगेच सामान बांधलं. चार दिवसांनंतरच्या बसची तिकिटं सांगून ठेवली, त्याआधी बस नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी सवयीने खुर्चीत जाऊन बसली. समोर कुणी नव्हतं, मी एकटीच होते. मोठं दार आतून अडसर घालून बंद होतं, तो अडसर उचलायला दोन माणसं लागायची. "चहा आणते," म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. दूध उतू जाऊ नये म्हणून थांबले, तेवढाच काय तो वेळ.

परत आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. अडसर जागच्या जागी होता.

आम्ही सगळीकडे शोधलं. ओहोटी होती, वाळू ओली आणि सपाट होती, तिच्यावर आमच्याखेरीज कुणाचीही पावलं नव्हती. किनाऱ्यावरच्या गस्तवाल्यांनी होडी काढली. कुंभार खडकांमध्ये गुडघे फोडून घेत हाका मारत फिरला. "अगं धाकटे! ए धाकटे!" त्याचा आवाज बसला तरी तो थांबेना. मी त्याच्यामागून चालत होते आणि मनातल्या मनात नवस बोलत होते. मी, जिने आयुष्यात कधी देवाला हात जोडले नाहीत.

होडी दुसऱ्या दिवशीही रिकामी आली. गस्तवाला माझ्या नजरेला नजर देईना.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझ्या हातात सुई होती.

पत्र्यावर जे काढावं ते कागदावर उलटं उमटतं. डावीकडचं उजवीकडे जातं. म्हणून चेहरा काढायचा असला की आम्ही मूळ चित्रासमोर आरसा ठेवतो आणि आरशात बघून पत्रा कोरतो, म्हणजे छाप सुलट येतो. तीस वर्षं मी आरशाशिवाय माणूस कोरलेला नव्हता. त्या दिवशी मी आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

ती टाच, ती किनार, तो हात, सगळं जसंच्या तसं पत्र्याच्या डाव्या कडेला कोरलं. छापात ते उजव्या कडेला येणार होतं. तिला कागदाबाहेर जायचंच असेल तर जाऊ दे, पण समुद्राच्या बाजूने नाही. स्वयंपाकघराच्या बाजूने जाऊ दे. घरात येऊ दे.

हे शहाण्या माणसाचं डोकं नव्हतं, मला माहीत आहे. तुमचं कुणी गेलं असेल तर तुम्ही मला हसणार नाही.

पत्रा आम्लात सोडला. पिसाने बुडबुडे झाडले. शाई भरली, पुसली. ओला कागद ठेवला, त्यावर घोंगडी घातली आणि छापयंत्राचं चाक दोन्ही हातांनी ओढलं.

कागद उचलला. टाच उजव्या कडेला होती.

स्वयंपाकघरात कपबशी वाजली.

मी धावले नाही. दार धरून उभी राहिले.

धाकटी ओट्याशी पाठमोरी उभी होती. चहा गाळत होती. झगा कोरडा होता.

"आलीस?" ती म्हणाली. "बस. किती दमलीयस."

मी तिला मिठी मारली, तिच्या खांद्यावर तोंड दाबून लहान मुलासारखी रडले. ती ऊबदार होती. तिचा श्वास चालू होता. मला आणखी काय हवं होतं? ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. डावा हात. ती तर आयुष्यभर सगळं उजव्या हाताने करणारी.

मग मी तिचा चेहरा बघितला. लहानपणी झोपाळ्यावरून पडून तिच्या उजव्या भुवईवर खोक पडली होती. ती आता डाव्या भुवईवर होती.

पत्रा सगळंच उलटं करतो. पहिल्या आठवड्यातल्या शिकाऊ पोरालाही हे ठाऊक असतं. मी फक्त दिशेचा विचार केला होता.

"कुठे होतीस गं?" मास्तरांनी तिला विचारलं.

"कुठे म्हणजे? इथेच तर होते."

कुंभाराला हुंदका आवरेना. भुवई कुणाच्या लक्षात आली नाही. मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "असेल. आम्ही कुठे एवढं बघितलंय?" ज्या माणसांनी सबंध उन्हाळा तिचा चेहरा काढला होता, त्यांच्यातल्याच एकाचं हे उत्तर होतं. मी विषय सोडला. ती जिवंत आहे, एवढं मला पुरे होतं. डाव्या हाताने तर डाव्या हाताने, जगू दे.

बसची तिकिटं तिनेच रद्द केली. "तुला इथली हवा मानवेल," म्हणाली. स्वयंपाकघर तिने हातात घेतलं. माझे जस्ताचे पत्रे, शाईच्या वाट्या, सुया, सगळं आवरून ठेवलं. मी जेवले नाही की रागवायची. सकाळी माझे केस विंचरायची आणि मी विंचरू द्यायची. वर्षभर मी तिच्यामागे घास घेऊन फिरले होते, आता कुणीतरी माझ्यामागे फिरतंय हे बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

दुपारची बैठक पुन्हा सुरू झाली. धाकटीला आता वेळ नसतो. बाकीच्यांची कंबर दुखते. म्हणून मी बसते. तास संपला की मी उठून सरळ खोलीत जाते, जमिनीवरचे कागद बघायला थांबत नाही.

काल रात्रीच्या जेवणाला सगळे होते. तिने सूप केलं होतं, सगळ्यांना वाढून ती टेबलाच्या टोकाला बसली. पाव फिरला. मास्तर जुने किस्से सांगत होते. कुंभाराने चमचा तोंडात घातला, मान हलवली आणि वर न बघताच हात पुढे केला.

"धाकटे, मीठ दे गं जरा."

मी तिच्याकडे बघितलं. ती शांतपणे पावाला लोणी लावत होती. तिने मान वर केली नाही.

कुंभाराचा हात तसाच पुढे होता. मास्तर बोलायचे थांबले होते. सगळे माझ्याकडे बघत होते, वाट बघावी तसे, प्रेमाने.

मीठ माझ्यासमोर होतं. मी दिलं.